तिसरी हाक

“नावाने हाक मारा त्यांना. जोरात मारा. तुमचा आवाज ओळखीचा आहे ना,” डॉक्टरीण म्हणाली, आणि मी एक पाऊल मागेच सरले. बाई वाईट नव्हती. वयाने माझ्यापेक्षा लहान, कानात बारीक खडे, रात्रपाळीने डोळे तारवटलेले. नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी करायला सांगत होतं. नाहीतर नऊ दिवस नुसतं इथे सही करा, तिथे बसा, बाहेर थांबा. हे कॉटवर पडलेले. मानेला जाड पट्टा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. कालपासून मधूनच डोळे उघडत होते, पण ते बघणं कोणाकडे बघणं नव्हतं. “मेंदूला सूज आहे आणि मान मोडलीय. पायांचं आत्ताच सांगता येत नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “पण शुद्ध किती आहे ते कळलं पाहिजे. हाकेला काही हालचाल करतात का बघू. मान तेवढी हलता कामा नये, अजिबात. हलली तर सगळं संपलं.” पलीकडे सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं घे की नाव. आता कसली लाज?” शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची सून तोंडाला पदर लावून हसली. सगळ्यांना वाटलं, मी लाजतेय. लाज! जिने मैदानभर माणसांपुढे नवऱ्याच्या नावाने बोंब मारलीय, ती बाई लाजणार? पण हे सांगायचं कोणाला आणि कुठून सुरुवात करायची?

आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. म्हणजे घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, पुस्तकांची फळी आहे, सासरे जिवंत होते तोवर विहारात भाषणं करायचे, सगळं आहे. पण जीभ काही रेटत नाही. सासूबाईंनी उभ्या जन्मात सासऱ्यांचं नाव घेतलं नाही. मीसुद्धा रेशनच्या दुकानात कार्डावर बोट ठेवून दाखवायची, हे बघा, हे. लग्नात नणंदांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही कोणाला ऐकू जाईल न जाईल असं. आणि म्हणूनच ह्यांनी कुस्तीच्या शोसाठी ती खूण ठरवली होती. म्हणाले, “तू अहो म्हण, मेले म्हण, वाचवा म्हण, छाती पिटून घे. ते सगळं खोटं. पण खरंच काही झालंय असं वाटलं ना, तर माझं नाव घे. तू उगाच माझं नाव घेणार नाहीस. महिपतीच्या कानावर माझं नाव पडलं की तो हात खाली टाकील.” केवढी अक्कल लढवली होती. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की बस. वाटलं, हा माणूस आपल्याला ओळखतो.

हे अंबरनाथला एका केमिकल कंपनीत लोडर होते आणि मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात खिसे शिवायची. महिपती म्हणजे ह्यांचा कंपनीतला जोडीदार, बदलापूरच्या पलीकडल्या गावचा, मातीतला खरा पैलवान, गावच्या जत्रेत नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत सगळं जिंकलेला. आणि दिनानाथ मंडपवाला. त्या दिवसांत केबलवर ती अमेरिकेतली कुस्ती लागायची, खुर्च्या डोक्यात घालतात ती, आणि गल्लीगल्लीत पोरं एकमेकांच्या माना आवळत फिरायची. दिनानाथच्या डोक्यात आलं की हे आपल्याकडे का नाही? खुर्च्या त्याच्याकडे होत्या, टेबलं होती, गेलेल्या ट्यूबलाइटींचा तर गोडाउनमध्ये ढीग. गणपती झाले, नवरात्र झालं, की मंडपाचं सामान रिकामंच पडायचं. ह्यांना बोलावलं. हे गेले. मी कडाकडा भांडले. म्हटलं, कंपनीत पोती उचलून कंबर मोडली नाही पुरेशी, म्हणून आता खुर्च्या खायला चाललात? हे हसले. म्हणाले, एकदा बघायला तर ये.

पण हे मार खायला गेलेच नव्हते, ते मला फार उशिरा कळलं. हे गोष्ट सांगायला गेले होते. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून ती कुस्ती बघायचे आणि मलाही बसवायचे. “आवाज बंद करून बघ गं, मग कळतं. कोण मारतोय त्याच्याकडे बघू नको. मार खाणाऱ्याकडे बघ. मारणारा नुसता हात हलवतो, गोष्ट मार खाणारा सांगतो.” मी आपली भाजी निवडत बघायची. मग हळूहळू मलाही दिसायला लागलं. पडल्यावर लगेच उठला तर लोकांना वाटतं काही लागलं नाही. खूप वेळ पडून राहिला तर कंटाळा येतो. उठायचा प्रयत्न करायचा, एक गुडघा टेकायचा, आणि परत पडायचं. “पब्लिकला रक्त नको असतं,” हे म्हणायचे. “पब्लिकला काळजी करायला कोणीतरी पाहिजे असतं. घरी स्वतःची काळजी करून करून दमलेले असतात बिचारे.” शाळा सातवीला सुटलेला माणूस हे बोलायचा. गादीवर पडायची प्रॅक्टिस करायचे तेव्हा खालच्या मजल्यावरची भाभी लाटण्याने छत ठोकायची आणि ओरडायची, “अरे यशोधरा, तेरा आदमी पागल हो गया क्या?” मी वरून ओरडायची, हो, झालाय.

मला कोणी सांगितलं म्हणून मी त्यात नाही उतरले. पहिल्याच शोला मी पुढच्या रांगेत बसले होते आणि महिपतीने ह्यांच्या पाठीवर ट्यूब फोडली. फट्ट असा आवाज, पांढरी भुकटी उडाली, आणि मी खुर्चीवरून उठून अहो म्हणून किंचाळले. मला ते सगळं आधी सांगितलेलं होतं, तरी किंचाळले. मागची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, ती बघ, बायको आहे त्याची. आणि मग आख्खं मैदान ह्यांच्या बाजूचं झालं. घरी हे पालथे माझ्या मांडीवर पडले, मी भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक काच काढत होते, खाली पेपर अंथरलेला, आणि हे म्हणाले, “तुला कळलं का आज काय केलंस ते? दहा ट्यूबांनी झालं नसतं ते तुझ्या एका किंचाळीने झालं.” मी म्हटलं, गप पडा, हलू नका. काच लहान असली की बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही, पाठीवरून तळहात फिरवून शोधायला लागते. त्या पाठीची मला इतकी सवय झाली होती की अंधारातसुद्धा कुठला व्रण कुठल्या शोचा ते सांगितलं असतं. लोक काय काय म्हणोत, आमच्या लग्नाच्या सात वर्षांत आम्ही जवळ आलो ते त्या चिमट्याने. नंतर दर शोला मी पुढच्या रांगेत. पोस्टरवर ह्यांचं नाव ‘जख्मी’, महिपतीचं ‘राक्षस’. माझं नाव नव्हतं, पण लोक मला बघायलाही यायचे.

वांगणीच्या जत्रेत घोळ झाला. महिपतीची खुर्ची ह्यांच्या कानाखाली बसली आणि हे आडवे झाले. मी रीतीप्रमाणे रडले. उठेनात. एक गुडघा टेकायचा होता, टेकला नाही. बोट हलवायचं होतं, हललं नाही. मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं. आणि माझ्या तोंडून नाव निघालं.

“सुदाम!”

महिपतीने खुर्ची जागच्या जागी टाकली. ठरल्याप्रमाणे. सगळी जत्रा गप झाली. पाळणेवालासुद्धा बघायला लागला. आजूबाजूच्या सगळ्या बायकांना कळलं होतं मी काय केलं ते. एक काष्ट्यातली म्हातारी हुंदके द्यायला लागली. आणि ह्यांनी एक डोळा उघडला. पुटपुटले, “काय झालं?” काहीसुद्धा झालेलं नव्हतं हो. हे सोंग करत होते. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पडून बघत होते, पब्लिक कुठपर्यंत थांबतं ते. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. वाटलं, आता घरी काही धडगत नाही. पण हे वाटभर माझ्याकडे बघून हसत होते. “तुला पण खरं वाटलं? तुला? जिला सगळं माहीत आहे तिला?” पोराला शाळेत पहिला नंबर मिळावा तसं तोंड झालं होतं ह्यांचं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ फरसाणचा पुडा घेऊन घरी. “वहिनी, तुम्ही ते नाव घेतलं ना, तो आयटम ठेवायचा. पब्लिक पागल झालं. अहो आख्ख्या जत्रेत आवाज बंद! असं करायचं, तीन हाका. पहिल्या हाकेला काही नाही. तुम्ही थांबा, वीसपर्यंत मोजा मनात. दुसऱ्या हाकेला करंगळी हलते, मग मूठ वळते. परत वीस. तिसऱ्या हाकेला सुदाम ताडकन उठतो, डोकं झटकतो, आणि राक्षसाला उचलून टेबलावर. काय?” ह्यांचे डोळे असे चमकले. मी चहा ठेवत होते. मागे न वळता विचारलं, “आणि खरंच काही झालं तर?” हे म्हणाले, “दुसरी काहीतरी खूण ठरवू की.” आम्ही बऱ्याचदा ठरवायला बसलो. लाल रुमाल म्हणाले, पण लाल रुमाल गर्दीत कोणाकडेही असतो. चप्पल फेकायची म्हटलं, तर पब्लिक तशाही चपला फेकायचं. शिट्टी मला येत नाही. मग जेवण व्हायचं, मग झोप यायची. ठरवू. उद्या ठरवू. दीड वर्ष आम्ही ठरवतच होतो.

आणि एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. मला ते आवडायचं. कारखान्यात दिवसभर चाळीस मशिनी चालतात, तिथे मी काय बोलते ते शेजारच्या संजीवनीलाही ऐकू जात नाही. घरात सासूबाई बोलतात. सभेत पुरुष बोलतात. आणि इथे मी तोंड उघडलं की हजार माणूस गप. पहिल्या हाकेनंतरचे ते वीस आकडे, बाई गं, काय सांगू! त्या विसांत मैदानावरचं एक पोर खोकत नव्हतं. कधीकधी मी घाई करायची, पंधरालाच दुसरी हाक द्यायची, आणि हे पडल्या पडल्या ओठ न हलवता मला दटावायचे, “घाई करू नको.” ते फक्त मला ऐकू यायचं. मी मग ओढून धरायची. वीस. एकदा तर पंचवीस. खूण गेली, आपल्या हातातला एकच खरा शब्द आपण दर रविवारी खोटा करतोय, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी दुसऱ्या खुणेसाठी नेट लावला नाही, कारण ती ठरली असती तर कदाचित ही हाक मला सोडावी लागली असती असं वाटायचं. का वाटायचं? दोन्ही ठेवता आल्या असत्या. आता नऊ दिवस मी हेच करतेय, दोन्ही ठेवता आल्या असत्या, दोन्ही ठेवता आल्या असत्या.

त्या रविवारी उल्हासनगरच्या मैदानात संध्याकाळचे पाच वाजले असतील, ऊन होतं. टेबलाचं असं असतं की शोचं टेबल वेगळं. जुनं, वाळवी लागलेलं, खालून करवतीने अर्धं कापलेलं. माणूस पडला की मोठ्याने मोडतं आणि पडणाऱ्याला झेलतं. त्या दिवशी बदलापूरला दिनानाथचं लग्नाचं काम होतं, आणि गोडाउनमधून टेम्पो भरताना टेबलांची अदलाबदल झाली. मोडकं टेबल तिकडे बदलापुरात बेलवलीच्या लग्नमांडवात गेलं, त्यावर म्हणे आईस्क्रीम ठेवलं होतं आणि आईस्क्रीमसकट ते खाली आलं. वरमाय चिडली. इकडे मैदानात लग्नाचं चांगलं टेबल आलं. वर पांढरी चादर तशीच. कोणी उचलून बघितलं नाही. महिपतीने ह्यांना डोक्यावर घेतलं, एक गिरकी मारली आणि टाकलं. मी कान टवकारून बसले होते, कारण टेबल मोडल्याच्या आवाजावर माझं रडणं सुरू व्हायचं असतं. तो आवाज आलाच नाही. दुसराच आला, लहानसा. टेबल तसंच्या तसं उभं. हे त्यावरून घरंगळून खाली आले आणि हात पोटाखाली अडकलेला तसाच राहिला. हे असा हात कधी ठेवत नाहीत. मला त्याच क्षणी कळलं. त्या आख्ख्या मैदानात मला एकटीला कळलं.

मी नाव घेतलं. दुसरं काय होतं माझ्याकडे? महिपतीने लोकांकडे वळून दोन्ही हात वर केले, पहिल्या हाकेला तो तेच करायचा. लोक गप झाले. मी परत नाव घेतलं, परत घेतलं, न थांबता, न मोजता. महिपती दातांतल्या दातांत मला म्हणाला, “वहिनी, घाई होतेय तुमची.” मी दोरी ओलांडून आत गेले. मी आत कधीच जात नसे, तर पब्लिक उभंच राहिलं. शिट्ट्या. मी ओरडत होते, “खरं आहे ओ! खरं लागलंय! थांबवा!” आणि मागून पोरं माझी नक्कल करत होती, खरं आहे ओ, खरं आहे ओ. मग हजार माणसं एका सुरात ह्यांचं नाव घ्यायला लागली, सुदाम, सुदाम, सुदाम, टाळ्यांच्या ठेक्यावर. सगळे मनापासून घेत होते. सगळ्यांना हे उठायला हवे होते. आणि महिपतीने, तिसरी हाक झाली, आता सुदाम उठणार, त्याला हात द्यायचा म्हणून, ह्यांच्या मानेखाली हात घातला आणि ह्यांना उभं केलं. मान मागे गेली. तेव्हा महिपतीला कळलं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “पेशंटला उचललं कोणी?” महिपती तेव्हापासून बाहेर जिन्याखाली बसलाय. आत येत नाही, घरी जात नाही. डबा दिला तर परत पाठवतो.

“ताई,” डॉक्टरीण म्हणाली, “वेळ नाहीये मला. अजून बारा पेशंट आहेत.” तिने दोन्ही तळहात ह्यांच्या कानांजवळ धरले, डोकं हलू नये म्हणून. सासूबाई म्हणाल्या, “नाहीतर मी मारते हाक.” आणि मला एकदम राग आला. नऊ दिवस आला नव्हता तेवढा राग. माझी आहे ती हाक. चांगली असो, वाईट असो. मी कॉटच्या दांड्याला धरलं आणि म्हटलं, “सुदाम.” आवाज फाटलाच माझा. काही नाही. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली, वॉर्डबॉय बादली धरून थांबला. ती शांतता माझ्या ओळखीची होती. माझ्या नकळत मी मोजत होते. मला मोजायचं नव्हतं, कोण कशाला मोजेल, पण मी मोजत होते, आणि वीस झाल्यावर म्हटलं, “सुदाम.”

करंगळी हलली.

“हललं! बघा, बोट हललं!” म्हाताऱ्याची सून ओरडली. मग एकेक बोट आत गेलं आणि मूठ वळली, सावकाश, पार शेवटच्या रांगेला दिसावी अशी. सासूबाईंनी हात जोडले आणि ढसाढसा रडायला लागल्या. डॉक्टरीण हसली, नऊ दिवसांत पहिल्यांदा. “व्हेरी गुड. ओळखला आवाज तुमचा.” मी खाली वाकले. ह्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ सुकून पांढरे पडलेले. ते हलले नाहीत. पण आतून, घशातून, फक्त मला ऐकू येईल असं हे म्हणाले, “घाई करू नको.”

“काय म्हणाले?” डॉक्टरणीने विचारलं.

मी म्हटलं, “काही नाही.” काय सांगू तिला? हे शुद्धीवर आहेत, पूर्ण शुद्धीवर आहेत, फक्त इथे नाहीत. हे उल्हासनगरच्या मैदानात पडलेत, कान माझ्याकडे लावून, टेबल मोडलंय असं समजून. सगळं बरोबर चाललंय असं समजून. ह्यांना माझ्याकडून आता एकच गोष्ट पाहिजे. आणि ती दिली की हे ताडकन उठणार आणि डोकं झटकणार. झटकतातच. दीड वर्षात एकदाही चुकले नाहीत.

“परत एकदा मारा हाक. छान रिस्पॉन्स आहे,” डॉक्टरीण म्हणाली. ती पेन काढून कागदावर लिहायला लागली होती. तिचे हात आता ह्यांच्या कानांजवळ नव्हते.

“नको,” मी म्हटलं. “उठतील ते.”

“मग उठू देत की! त्यासाठीच तर चाललंय सगळं.” ती हसली. वॉर्डबॉय हसला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मेली लाजते अजून. अगं घे गं नाव, तुझ्या पाया पडते.” शेजारची सून म्हणाली, “घ्या ना ताई.” पलीकडच्या कॉटवरून कोणीतरी पुरुष म्हणाला, “घ्या, घ्या.” सगळ्यांना हे उठायला हवे आहेत. मनापासून हवे आहेत. मी माझा एक तळहात ह्यांच्या कपाळावर दाबून धरलाय आणि दुसरा स्वतःच्या तोंडावर. ह्यांची मूठ वळलेली आहे. ती सुटत नाही. हे वाट बघतायत. अठरा, एकोणीस, वीस झाले. एकवीस. बावीस. तेवीस.